सौद्याच्या वेळेलाच मशीनला काय होतं?

प्रश्न: शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. सकाळी नऊला कॉम्प्युटर चालू करतो, देवाला अगरबत्ती लावतो आणि सौद्याला बाहेर पडतो. साडेदहा-अकराला येऊन शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) करायला बसलो की हिशेबाचं टॅली उघडायलाच पाच मिनिटं, प्रिंट निघायला त्याहून जास्त. शेतकरी टेम्पोवाल्याला थांबवून समोर उभा. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी तर विचारूच नका. कोपऱ्यात अँटीव्हायरसचं चिन्ह गरगरत असतं, पण स्कॅन कर असं मी त्याला कधी सांगितलेलं नाही. दुपारी 2 ते 3 घरी जेवायला जातो, आल्यावर मशीन नीट पळतं. रात्री बटण बंद करूनच दुकान लावतो. मालक म्हणतात, ते काढूनच टाक. काढू काय?

उत्तर: दिवाणजी, काढू नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य अगरबत्तीचं आहे. मशीन चालू करून तुम्ही दीड तास त्याच्याकडं फिरकतच नाही, आणि रात्री भिंतीवरचं बटण बंद. सगळी भानगड या दोन गोष्टींत आहे.

विंडोजची स्वतःची देखभाल मूळ सेटिंगमध्ये रात्री 2 वाजता ठरलेली असते. अँटीव्हायरसवाल्यांनीही बहुतेक करून रात्रीची नाहीतर दुपारची वेळ धरलेली असते. रात्री 2 ला तुमच्या दुकानात उंदरांखेरीज कोण जागं असतं? मशीनला लाईटच नाही. म्हणजे काम तुंबलं. सकाळी नऊला मशीन चालू होतं, कीबोर्डला कुणी हात लावत नाही, माऊस हलत नाही. त्याला वाटतं, मालक निवांत आहेत, उरकून घेऊ. त्याच्या परीनं ते शहाणपणाच करतंय. अर्धी स्कॅन झालेली असताना तुम्ही पट्टीला येऊन बसता. काही प्रोग्राम माऊस हलला की बाजूला सरतात, काही सरत नाहीत.

आता नेमका कोण ते पकडा. उद्या मशीन रेंगाळलं की तेव्हाच, नंतर नव्हे, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘डिस्क’ या मथळ्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. तिथं तुमच्या अँटीव्हायरसचं नाव असणारच, पण त्याच्या आसपास ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ असं लांबलचक नाव दिसतंय का बघा. दिसलं, तर तुमच्या दुकानाला दोन राखणदार आहेत. हे नाव विंडोजसोबतच येणाऱ्या डिफेंडर या अँटीव्हायरसचं. दुसरं अँटीव्हायरस घातलं की डिफेंडर एरवी मागे सरतो. पण विंडोज सिक्युरिटीत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये खाली डिफेंडरचे पर्याय उघडले की ‘पिरिऑडिक स्कॅनिंग’ असं एक बटण असतं. ते चालू असलं, तर दुसरं अँटीव्हायरस असूनही डिफेंडर अधूनमधून स्वतःची स्कॅन करत राहतो. माझ्याकडं येणाऱ्या अडत दुकानांच्या मशीनवर हे बटण चालू सापडतं, आणि कुणी चालू केलं ते कुणालाच आठवत नाही. बंद करा. एक राखणदार पुरे.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के आणि प्रोसेसर वीस-तीसवर घुटमळतोय, असं दिसलं तर मशीनमध्ये बहुधा जुनी फिरती हार्डडिस्क आहे असं समजा. स्कॅन म्हणजे लाखभर बारक्या फायली एकेक उघडून बघणं. फिरत्या डिस्कला प्रत्येक फायलीसाठी तबकडीवर सुई इकडून तिकडं न्यावी लागते. एकाच थप्पीतले गुळाचे शंभर रवे (ढेपा) हमाल बघता बघता उतरवतो. पण एक रवा या गोदामातला, दुसरा पलीकडच्या गल्लीतला, तिसरा पुन्हा इकडचा असं सांगितलं तर? त्यात तुम्ही मधेच पट्टी मागताय. एसएसडीत (चिपवरच्या नव्या डिस्कमध्ये) हलणारं काही नसतं, त्यामुळं तीच स्कॅन चालू असताना तुम्हाला पत्ताही लागत नाही. अँटीव्हायरस काढायला खर्च येत नाही, तो नंतर येतो; त्यापेक्षा मालकांना एसएसडीवर खर्च करायला सांगा.

वेळ बदलायचं काम मात्र आजच करा. अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये ‘शेड्युल्ड स्कॅन’ शोधा, रोजची असेल तर आठवड्याची करा, आणि वेळ द्या दुपारी सव्वादोनची. तुम्ही भाकरी खाताय, मशीन चालू आहे, लाईट आहे. चुकलेली स्कॅन मशीन चालू होताच करायची असा एक पर्याय बऱ्याच प्रॉडक्टमध्ये असतो. त्याची टिकमार्क काढा. नऊ वाजताचा तुमचा खरा वैरी तोच. डिफेंडरच वापरत असाल तर टास्क शेड्युलर उघडून मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर या क्रमानं आत जा. ‘शेड्युल्ड स्कॅन’ नावाच्या कामावर दोनदा क्लिक करा आणि ‘ट्रिगर्स’मध्ये वार-वेळ घाला. विंडोजचं मोठं अपडेट आलं की एकदा आत जाऊन बघून या, घातलेलं जागेवर आहे का ते.

टॅलीच्या डेटाचा फोल्डर, तेवढाच, ‘एक्स्क्लूजन्स’मध्ये (न तपासायच्या गोष्टींच्या यादीत) घातला तरी चालेल. टॅली त्या फायली सारख्या उघडझाप करतं आणि अँटीव्हायरस दरवेळी मधे डोकावतं. पण अख्खा डी ड्राइव्ह घालू नका, डाउनलोड्स तर मुळीच नको. आणि बॅकअप रोज दुसऱ्या डिस्कवर.

मालकांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. फार वर्षांपूर्वी मी एका छापखान्याचं मशीन असंच ‘हलकं’ करून दिलं होतं. स्कॅन बंद, राखण बंद, मालक खूश, मला चहा आणि वर वडापाव. चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या हँडबिलांची गडबड सुरू होती, तेव्हा त्यांचा फोन आला: सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत. जाऊन बघतो तर मशीनला पेनड्राइव्ह लावलेला, काळ्या दोऱ्यात बांधलेला, खाचेत गुलाल बसून गुलाबी झालेला. कुठल्या कुठल्या मंडळांच्या मशीनला लागून आला होता, देव जाणे. खरे फोल्डर आतच होते, नुसते लपवलेले, आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट वर मांडलेले. रात्री दीडपर्यंत बसून ते उघडे केले. पैसे मागायचं तोंड नव्हतं. चूक माझीच होती.

प्रश्न: मी हुपरीत चांदीच्या मालाचं काम करतो. डिफेंडरचं रिअल-टाइम प्रोटेक्शन (सतत चालणारी राखण) बंद केलं तरी थोड्या वेळानं आपोआप चालू होतं. मशीनमध्ये व्हायरस तर नाही?

उत्तर: व्हायरस असता तर त्यानं बहुधा ते बंदच ठेवलं असतं. डिफेंडर मुद्दामच तसा केलाय, बटण फक्त तात्पुरतं आहे. ते सारखं बंद का करावं लागतंय, ते मात्र लिहा. एखादं डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकटात कुणाकडून तरी घेतलंय आणि त्यानं ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ म्हणून सांगितलंय, असं असेल तर मला उत्तर नको, ते सॉफ्टवेअर काढा.

प्रश्न: विद्यापीठाच्या हॉस्टेलवर राहते. लेक्चरमध्ये लॅपटॉप उघडला की पंखा बुलेटसारखा सुरू होतो आणि बॅटरी तासात संपते. स्कॅन चालू असते.

उत्तर: ताई, वर दिवाणजींना सांगितलेल्या, टास्क शेड्युलरमधल्या ‘शेड्युल्ड स्कॅन’च्या कामातच ‘कंडिशन्स’ असा कप्पा आहे. त्यात लॅपटॉप चार्जिंगला असेल तरच काम सुरू करायचं, अशी टिकमार्क आहे. ती घाला, आणि मेसला जाताना चार्जिंगला लावून जा. झाकण मात्र उघडं ठेवा. मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि स्कॅन तिथंच राहते.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. तुमच्या सांगण्यावरून स्कॅन आठवड्यावर आणली. आता मशीन शांत आहे, पण अँटीव्हायरस जागं आहे का झोपलंय, हे कसं ओळखायचं?

उत्तर: गुरुजी, परीक्षा घ्या. आयकार नावाच्या संस्थेनं त्यासाठीच एक चाचणीची फाइल केली आहे. 68 अक्षरांचा साधा मजकूर, काडीचं नुकसान करत नाही, पण तिला धोका म्हणून ओळखायचं असं अँटीव्हायरसवाल्यांनी आपसात ठरवलेलं आहे. आयकारच्याच साइटवरून ती उतरवा. उतरवता उतरवताच बोंब झाली तर विद्यार्थी पास. फाइल डाउनलोड्समध्ये गपगुमान येऊन बसली, तर मशीन घेऊन राजारामपुरीत दुकानावर या. येताना चार्जर आणा, मागच्या खेपेला विसरला होता.