आठ-दहा वर्षांच्या मुलांना मुखवटे करायला लावून मेक्सिकोचा इतिहास शिकवता येतो का?

येतो, पण तिकडच्या 'मृतांच्या दिवसा'च्या कवटीचं छापील चित्र रंगवायला देऊन नाही. कोणता मुखवटा सोपा पडेल, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते आधी नाच ठरवा. तिकडे गावोगावी मुखवटा करतात तो सणाला घालून नाचायला.

शिकागोजवळच्या एका वाचनालयात मी शनिवारी मुलांचा हस्तकलेचा वर्ग घ्यायचे. बरीच मुलं मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यातून आलेल्या घरांतली, म्हणून मी तिथला तास्तोआनेसचा नाच निवडला. ग्वादालाहारा शहराला लागून असलेल्या तोनाला गावात 25 जुलैला, संत सान्तियागोच्या सणाला, हा नाच होतो. 1530 मध्ये स्पॅनिश सेनानी नुन्यो दे गुस्मान सैन्य घेऊन तोनालावर चालून आला, त्या लढाईची ही आठवण. स्पॅनिशांचा संत सान्तियागो तलवार उगारून येतो, तास्तोआनेस, म्हणजे तिथले मूळ योद्धे, त्याच्याशी झुंजतात. त्यांचे मुखवटे मुद्दाम भेसूर: लांब वाकडं नाक, विचकलेले दात, राठ केसांची आयाळ, गालभर फोड. स्पॅनिशांबरोबर देवीची जी साथ आली तिचे हे फोड, असं सांगतात.

माझ्या जोडीला वर्ग घेणाऱ्या बाईंना हे फोड नको होते. "मुलं घाबरतील, त्यापेक्षा फुलं काढू दे." मी ऐकलं नाही. फुग्यावर खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे थर दिले, वाळल्यावर फुगा फोडून अर्धा भाग कापून घेतला आणि गालांवर राजमे चिकटवायला लावले (राजमा मूळचा तिकडचाच). चिकटवता चिकटवता एका मुलीने विचारलं, "औषध नव्हतं का?" नव्हतं. मग मी अ‍ॅझ्टेकांच्या राजधानीतली 1520 ची साथ सांगितली. त्या तेनोच्तित्लान शहरात राजा मोक्तेसुमानंतर गादीवर बसलेला कुइत्लाहुआक देवीनेच गेला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये शहर पडलं. स्पॅनिश का नाही मेले? त्यांच्यातल्या बहुतेकांना लहानपणीच देवी येऊन गेलेल्या, म्हणून. मग लस कधी आली, कोणी शोधली, प्रश्नांची नुसती सरबत्ती! घाबरलं कोणीच नाही.

त्या बाई अजूनही म्हणतात, मुलांना फक्त रंग आणि आनंद द्यावा. मला हे मुळीच मान्य नाही. फोड काढून टाकले की हातात राहतं कागदाचं नाक, आणि त्यावरून कोणताही इतिहास सांगता येत नाही. आठ वर्षांच्या मुलाला आजार कळतो, मरणही कळतं. अवघडतात ती मोठी माणसं.

हो, एक राहिलं. या मुखवट्यांचा अर्थ गावागणिक बदलतो, तेव्हा 'हाच खरा' म्हणून मुलांच्या गळी उतरवू नका. ओळखीत कोणी हालिस्कोची आजी असेल तर तिलाच वर्गात बोलवा. डोळ्यांची भोकं मात्र तुम्हीच पाडा. आणि मुलं पाच-सहा वर्षांचीच असतील तर मिचोआकान राज्यातल्या पुरेपेचा या मूळ रहिवाशांचा 'म्हाताऱ्यांचा नाच' घ्या: गुलाबी हसरा चेहरा, हातात काठी, कमरेत वाकून लाकडी तळव्यांनी धरलेला ठेका. केसांना सुतळी चालते.