वाचक विचारतात: दुधातला कण किती वेगाने पळतो?

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. ब्राउनीय गती, म्हणजे द्रवातल्या बारीक कणांची सततची थरथर, दाखवण्यासाठी आम्ही पिशवीतले दूध पाण्यात खूप पातळ करून त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि थरथरणाऱ्या स्निग्धकणांचे मोबाइलवर चित्रण केले. सुमारे १ मायक्रोमीटर व्यासाचा एक कण निवडून तो आडव्या दिशेने किती सरकतो हे दर सेकंदाला नोंदवले, तेव्हा वेग सेकंदाला साधारण १ मायक्रोमीटर आला. विद्यार्थ्यांनी तेच चित्रण सेकंदाला २५ वेळा थांबवून मोजले, तर वेग ५ मायक्रोमीटरच्या आसपास गेला. कण तोच आणि चित्रणही तेच असताना आमचे चुकते कुठे?

उत्तर: मोजण्यात तुमचे काहीच चुकलेले नाही. ज्या राशीला तुम्ही वेग म्हणता ती तुमच्या चित्रणात मुळात नाहीच, आणि या गैरसमजात तुम्हाला संगतही चांगली आहे. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये परागकणांच्या आतून बाहेर पडलेल्या बारीक कणांची ही हालचाल पाहिली (परागकणच हलत होते असे अनेक पुस्तकांत छापलेले असते, ते बरोबर नाही). त्यानंतरच्या अनेक निरीक्षकांनी कणाचा ‘वेग’ मोजण्याचा प्रयत्न केला. १९०० मध्ये फेलिक्स एक्सनरने मोजलेला वेग रेणूंच्या उष्णतागतीवरून अपेक्षित असलेल्या वेगापेक्षा इतका कमी भरला, की हालचालीचे कारण रेणूंचे धक्के आहेत या म्हणण्यालाच बाधा यावी.

हा पेच आइन्स्टाइनने १९०५ मध्ये सोडवला. कणावर चहूबाजूंनी आदळणाऱ्या पाण्याच्या रेणूंमुळे त्याची दिशा सतत बदलत राहते, म्हणून ठरावीक काळात तो मूळ जागेपासून किती दूर गेला त्या अंतराचा वर्ग घ्यावा, अशा पुष्कळ वर्गांची सरासरी काढावी, आणि ती सरासरी काळाच्या प्रमाणात वाढते की नाही ते पाहावे, असे त्याचे सांगणे होते. वर्ग काळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे प्रत्यक्ष अंतर काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. तुम्ही सांगता त्या आकाराचा कण २५ अंश सेल्सियसच्या पाण्यात एका दिशेने १ सेकंदात सुमारे १ मायक्रोमीटर सरकतो, पण १०० सेकंदांत तो फक्त १० मायक्रोमीटर दूर गेलेला असतो. आता हाच हिशेब उलटा करा. काळ २५ पट लहान केला की अंतर केवळ ५ पट लहान होते, त्यामुळे अंतराला काळाने भागून आलेला आकडा ५ पट मोठा दिसतो. तुमच्या विद्यार्थ्यांना नेमके हेच मिळाले आहे, आणि त्यांच्या वह्या खोडण्याऐवजी फळ्यावर लावाव्यात अशा आहेत.

पॅरिसमध्ये झाँ पेरँने १९०८ पासून हे प्रयोगाने तपासले. त्यासाठी त्याने एकसारख्या आकाराचे कण मिळवले ते गँबोज नावाच्या पिवळ्या डिंकापासून. हा डिंक ज्या झाडांतून निघतो ती आपल्या कोकमाच्याच प्रजातीतली. काही कणांची स्थाने दर ३० सेकंदांनी कागदावर मांडून त्याने ती रेघांनी जोडली, आणि सोबत हेही बजावले की दर सेकंदाला नोंद केली असती तर यातल्या प्रत्येक सरळ रेघेच्या जागी तितकीच वेडीवाकडी ३० रेघांची आकृती उमटली असती. त्याच्या मोजमापांतून निघालेली ॲव्होगॅड्रो संख्या (एक मोल पदार्थात किती रेणू असतात तो आकडा) आजच्या किमतीपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी जास्त होती, तरी रेणूंच्या अस्तित्वाविषयीची शंका त्यातून मिटली आणि १९२६ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

मग कणाला खरा वेग असतो की नाही? असतो, आणि तो सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर इतका मोठा असतो. मात्र पाण्यात कण आपली दिशा सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागातच विसरतो, आणि मोबाइलच्या दोन चित्रांमध्ये अशी लाखो वळणे होऊन जातात. हा वेग मोजणे व्यवहारात अशक्य आहे असे आइन्स्टाइनने १९०७ मध्ये लिहिले होते. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील मार्क रायझन यांच्या गटाने २०१० मध्ये लेझरच्या झोतात हवेत तोलून धरलेल्या ३ मायक्रोमीटरच्या काचमण्यावर तो मोजून दाखवला. हवेत दिशा जास्त वेळ टिकते, म्हणून सुरुवात तिथून झाली.

प्रयोग पुन्हा करताना एक काळजी मात्र घ्या. काचपट्टीवरच्या पातळ काचेच्या कडेने पाणी उडून जात असेल तर आतले सगळे कण एकाच बाजूला वाहू लागतात, म्हणून कडा नेलपॉलिशने किंवा व्हॅसलिनने बंद कराव्यात. वाहणे शिल्लक आहे का, हे आकड्यांवरूनही कळते: काळ दुप्पट केल्यावर अंतराच्या वर्गाची सरासरी दुप्पट झाली तर ती ब्राउनीय गती, आणि चौपटीकडे झुकू लागली तर प्रवाह. एकाच कणावर न थांबता निदान वीस-तीस कण मोजावेत. काचेला अगदी लगटून असलेले कण सोडून द्यावेत, कारण तिथे पाण्याचा विरोध वाढतो आणि ते मंद हलतात.

इतके जमले की मुलांना त्याच दुधाचे विरजण पाहायला लावा. यासाठी दूध फार पातळ करू नये, कारण पातळ दुधाचे दही लागत नाही. कोमट दुधात विरजण घालून थेंब लगेच बंद करावा, काचपट्टी उबदार जागी ठेवावी आणि दर अर्ध्या तासाने चित्रण करावे. सुरुवातीला स्निग्धकण मोकळे भटकतील. दुधातील प्रथिनांची जाळी विणली जाऊ लागली की तेच कण आपापल्या कोनाड्यात अडकतील आणि कितीही वेळ थांबलात तरी अंतराच्या वर्गाची सरासरी एका मर्यादेपुढे वाढेनाशी होईल. कणांच्या अशा हालचालीवरून भोवतालचा पदार्थ किती वाहता आणि किती लवचीक आहे हे काढण्याची रीत थॉमस मेसन आणि डेव्हिड वाइट्झ यांनी १९९५ मध्ये मांडली, आणि मृदू पदार्थांच्या प्रयोगशाळांत ती आज रोजच्या वापरात आहे. दही नेमके कोणत्या अर्ध्या तासात लागले, हे तुमच्या वर्गाला भांडे न हलवता सांगता येईल.