महाराष्ट्राची अर्थव्यवस्था देशात सर्वांत मोठी आहे, मग इथल्या माणसांचं रोजचं जगणंही सर्वांत चांगलं का नाही?

तुम्ही पुढे विचारलंय, "राज्याचं उत्पन्न वाढतंय म्हणजे लोकांचं बरं चाललंय, असं मानायला हरकत काय?" हरकत आहे, आणि ती बरीच मोठी आहे. पण आधी तुमचं बरोबर काय आहे ते सांगतो.

महाराष्ट्राचं स्थूल राज्य उत्पन्न, म्हणजे राज्याच्या हद्दीत वर्षभरात झालेल्या उत्पादनाचं मूल्य, 2023-24 मध्ये 40 लाख कोटी रुपयांच्या पुढे गेलं. देशाच्या उत्पन्नात आपला वाटा 13 टक्क्यांहून थोडा जास्त आहे आणि इतका वाटा दुसऱ्या कुठल्याच राज्याचा नाही. मात्र हे उत्पन्न माणशी वाटलं की पहिला नंबर जातो. तेलंगणा, कर्नाटक, हरियाणा, तामिळनाडू पुढे निघतात.

दरडोई उत्पन्नातही माणूस दिसत नाही, म्हणून मी घरखर्चाच्या पाहणीकडे जातो. केंद्र सरकारच्या 2022-23 च्या पाहणीत ग्रामीण महाराष्ट्रातला माणशी मासिक खर्च 4,010 रुपये आला. ग्रामीण भारताची सरासरी होती 3,773. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. त्या वर्षी आपलं दरडोई उत्पन्न देशाच्या जवळजवळ दीडपट होतं, आणि खेड्यातल्या माणसाचा खर्च मात्र देशापेक्षा जेमतेम सहा टक्क्यांनी जास्त. केरळचं दरडोई उत्पन्न साधारण आपल्याइतकंच, पण तिथे खेड्यातला खर्च 5,924 रुपये. केरळच्या घरांत आखातातून पैसा येतो आणि तो राज्याच्या उत्पन्नात मोजला जात नाही, हे खरं आहे. पण त्यातूनही हेच कळतं, की राज्याच्या हद्दीत किती उत्पादन झालं आणि घरात किती पैसा आला ही दोन वेगळी खाती आहेत.

मग आपल्याकडचा पैसा जातो कुठे? राज्याच्या उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग एकट्या मुंबई महानगर प्रदेशातून येतो. बँका, विमा, सॉफ्टवेअर, बांधकाम यांची वाढ झपाट्याने होते आणि सरासरी वर खेचते. दुसरीकडे राज्यातले जवळपास निम्मे कामकरी शेतीवर आहेत आणि शेतीचा उत्पन्नातला वाटा साधारण आठवा हिस्सा. धरण भरलं तरी चारीच्या टोकाला पाणी पोचत नाही, तसंच हे आहे. पाणीसाठ्याचा आकडा खोटा नसतो, टोकाचं शेत मात्र कोरडंच राहतं.

एक उदाहरण जवळून पाहू, कारण माझ्या मते सगळा प्रश्न त्यात आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा कंत्राटदार, हंगामाआधी कोयत्यामागे उचल (आगाऊ रक्कम) देतो आणि ती तोडलेल्या उसाच्या टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून फेडायची असते. एक दिवस काम चुकलं की खाडा पडतो, म्हणजे मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. पहाटे अंधारात फडात जायचं, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या, कोपीत राहायचं, संडास नाही, पाळी आली तरी सुट्टी नाही. 2019 मध्ये शासनाने नेमलेल्या समितीने बीडमधल्या 82 हजारांवर ऊसतोड कामगार महिलांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झाल्या होत्या.

आता याचा हिशेब राज्याच्या उत्पन्नात कसा होतो ते बघा. तोडलेला ऊस, तयार झालेली साखर, कारखान्याची उलाढाल यांतली मूल्यवाढ उत्पन्नात जमा. दवाखान्याने घेतलेली फीसुद्धा आरोग्य सेवा म्हणून जमा. ती फी भरायला घेतलेलं कर्ज, तिशीतच मोडलेली कंबर, शाळा सोडून आईबरोबर फडावर गेलेली मुलगी यांतलं काहीही वजा होत नाही. त्या ऊसतोड बाईने घरी केलेला स्वयंपाक आणि वाहिलेलं पाणी तर मोजलंच जात नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची आधुनिक पद्धत घडवणारे सायमन कुझ्नेट्स यांनी 1934 मध्येच अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं, की या आकड्यावरून लोकांच्या कल्याणाचा अंदाज बांधता येत नाही. आपण ते ऐकलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण वाढीचा काहीच उपयोग नाही असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. नीती आयोगाच्या मोजणीनुसार राज्यातली बहुआयामी गरिबी (आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांवरून मोजलेली) 2015-16 मधल्या 14.8 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 7.8 टक्क्यांवर आली. 2020 मध्ये हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू देशात 28 होते, महाराष्ट्रात 16. ही खरी कमाई आहे. (केरळमध्ये 6 होते, तेही लक्षात असू द्या.)

कुपोषणाची गोष्ट मात्र फार काही शिकवून जाते. 2005-06 मध्ये राज्यातली पाच वर्षांखालची 46 टक्के मुलं खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानाने फार कमी उंचीची, होती. 2005 मध्येच राजमाता जिजाऊ पोषण मिशन सुरू झालं. अंगणवाडीतल्या रिक्त जागा भरणं, मुलांचं वजन नीट घेणं, दोन वर्षांखालच्या बाळांवर लक्ष ठेवणं अशी साधी कामं त्यात होती. 2015-16 पर्यंत प्रमाण 34.4 टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय मिशनला देता येणार नाही, पण प्रशासनाचा जोर होता हे नक्की. पुढे 2019-21 मध्ये तो आकडा 35.2 झाला, म्हणजे गाडी तिथेच थांबली. रक्तक्षय असलेल्या मुलांचं प्रमाण तर 54 वरून 69 टक्क्यांवर गेलं. अर्थव्यवस्था तेव्हाही वाढतच होती.

म्हणूनच मला रोजगार हमीचं मोल फार वाटतं. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेली आणि जगली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या या कल्पनेचा 1977 मध्ये कायदा झाला. पैसा कुठून आणला? शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला आणि तेवढीच भर सरकारने घालायची ठरलं. तुम्ही महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर पगारपत्रकात दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात ना, तोच हा कर. मुंबईची वाढ माणदेशातल्या मजुराच्या चुलीपर्यंत नेणारी वाट कायद्याने बांधली गेली. वाढ आपसूक खाली झिरपेल म्हणून कोणी वाट पाहत बसलं नाही.

विदर्भ-मराठवाड्याच्या बाबतीतही असा प्रयत्न झाला. दांडेकर समितीने 1984 मध्ये अनुशेष, म्हणजे कुठला भाग विकासात किती मागे राहिला ती तूट, मोजला आणि 1994 मध्ये या भागांसाठी वैधानिक विकास मंडळं आली. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. मंडळं फार प्रभावी होती असा माझा दावा नाही, पण कुठल्या भागाला किती निधी मिळाला हे विचारायचा घटनात्मक हक्क त्यांच्यामुळे होता.

तुम्हाला स्वतः पडताळून पाहायचं असेल तर अर्थसंकल्पाच्या सुमारास विधिमंडळात मांडला जाणारा राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल उघडा. पहिल्या पानावरचा वाढीचा दर वाचून थांबू नका, जिल्हावार उत्पन्नाचा तक्ता शोधा. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तुमच्या जिल्ह्याचं पत्रक आहे, तेही काढा. त्यात खुरटलेली मुलं, रक्तक्षय असलेल्या बायका, अठराच्या आत झालेली लग्नं आणि घरात संडास आहे की नाही, एवढ्या चार ओळी वाचा. नंदुरबार आणि पुणे या दोन जिल्ह्यांपासून सुरुवात केलीत तर बरं.