चिंचेचं वय कोण ठरवणार?

प्रश्न : नमस्कार. आम्ही विश्रामबागला राहतो, सोसायटी आता रिडेव्हलपमेंटला गेलीय. मागच्या कंपाउंडला लागून जुनी चिंच आहे, १९८२ ला बिल्डिंग झाली तेव्हाच ती चांगली मोठी होती असं जुने मेंबर सांगतात. बिल्डर म्हणतो बेसमेंटच्या आड येतीय, परवानगी काढतो आणि बदल्यात दहा झाडं लावून देतो. कमिटीतले निम्मे लोक म्हणतात जाऊ दे, नाहीतरी मुळांमुळं भिंतीला चिरा पडल्यात. काही करता येईल का? – एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, येईल की. पण आधी बिल्डरच्या अर्जात चिंचेचं वय किती लिहिलंय ते बघा, सगळा खेळ तिथंच असतो. शहरातल्या झाडांसाठी आपल्याकडं १९७५ चा कायदा आहे, त्यात २०२१ ला दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरायचं ठरलं. असं झाड तोडायचीच वेळ आली तर त्याचं जितकं वय तितकी नवीन झाडं लावायची. म्हणजे तुमची चिंच साठीची निघाली तर साठ झाडं, तीपण ६ ते ८ फूट उंचीची, आणि वर सात वर्षं सांभाळायची. दहात मिटवतो म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं असं नाही हं, म्हणून तर अर्जात वय तीस-पस्तीस पडतं आणि कुणी विचारलं नाही की तेच खरं होऊन बसतं.

तर वयाचा पुरावा तुम्हीच गोळा करा. छातीच्या उंचीला टेप लावून बुंध्याचा घेर मोजा, टेप दिसेल असा फोटो काढा. नुसत्या घेरावरनं वय नेमकं निघत नाही, पाणी भरपूर मिळालेलं झाड लवकर सुजतं, म्हणून सोबत जुने फोटो लागतात. बारसं, मुंज, सोसायटीचा गणपती, कुणाच्या ना कुणाच्या अल्बममध्ये मागं चिंच असणारच. जुन्या मेंबरांचं सहीनिशी लेखी घ्या. विलिंग्डन कॉलेजच्या बॉटनीच्या सरांना विनंती करून झाड बघून दोन ओळींचं पत्र मिळालं तर फारच छान. हे सगळं महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याच्या नावानं अर्जाला जोडून द्या आणि पोच घ्या, पोच नसेल तर तुम्ही दिलंच नाही असं समजा. झाड तोडायच्या परवानगीआधी पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागते आणि झाडावरही चिकटवावी लागते, तेव्हा हरकत घ्यायची ती लेखीच. व्हॉट्सॲप ग्रुपवर कितीही भांडलात तरी फाईलीत त्यातलं काहीच जात नाही.

दुसरं म्हणजे प्लॅन मंजूर व्हायच्या आत बोला. एकदा मंजुरी झाली की बेसमेंट सरकत नाही, आधी मात्र आर्किटेक्ट चार-पाच मीटर आत-बाहेर करू शकतो, चिंच साइड मार्जिनमध्ये, म्हणजे बिल्डिंगभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, बसते का बघायला सांगा. आणि बुंधा वाचवला म्हणजे झाड वाचलं असं नाही, कारण बहुतेक मुळं वरच्या तीनेक फुटातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर गेलेली असतात. बुंध्याला खेटून बेसमेंट खणला तर झाड वर्षा-दोन वर्षांत वाळतं नाहीतर वादळात पडतं, मग सगळे म्हणतात बघा, धोकादायकच होतं. मिरज तालुक्यातल्या भोस्याचा तो मोठा वड आठवतोय ना, २०२० ला हायवेतून वाचवला होता, लोक झाडाभोवती उभे राहिले आणि शेवटी रस्त्याची आखणी बदलली. पुढं तो कोसळलाच. म्हणून म्हणतो, तोडायचं थांबलं की काम संपलं असं धरू नका, खोदकाम किती लांबनं होणार तेपण लिहून घ्या.

भिंतीच्या चिरांचं म्हणाल तर सांगलीच्या काळ्या मातीत झाड नसलेल्या घरांनाही चिरा पडतात, पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात आकसते. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी रिपोर्ट मागा, मग बोलू. आणि तसंही ती बिल्डिंग पाडायचीच आहे, तिच्या चिरांसाठी चिंच कशाला?

कमिटीतल्या हिशेबी मंडळींसाठी एक आकडा देऊन ठेवतो. पश्चिम बंगालमधल्या रेल्वे पुलांसाठी झाडं तोडायच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या समितीनं २०२१ ला एका झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरली होती. कायदा नाही तो, पण मीटिंगमध्ये सांगितला की जरा शांतता होते.

प्रश्न : आमच्या शेजारच्या प्लॉटवर कडुलिंबाच्या बुंध्याला ड्रिल मारून काहीतरी ओतलंय, पानं गळायला लागलीत. तोडलेलं नाही त्यामुळं तक्रार होत नाही म्हणतात. – एक वाचक, सातारा

उत्तर : होते. वर सांगितलेल्या १९७५ च्या कायद्यात झाड तोडणं म्हणजे फक्त कुऱ्हाड नाही, जाळणं किंवा कसंही नुकसान करणं हेपण त्यातच येतं. भोकांचे जवळनं फोटो काढा, तारीख दिसू दे, आणि आजच्या आज नगरपरिषदेत लेखी द्या, पंचनामा करा म्हणून स्पष्ट लिहा. पुढं सलग सुट्ट्या आल्या असतील तर जरा लक्ष ठेवा, असली कामं शनिवारी रात्री उरकतात.