बीटल्स प्रसिद्ध होण्याआधीचे फोटो बघायचे आहेत. कुठून सुरुवात करू? त्यामागे काही गोष्टी आहेत का?

हॅम्बुर्गपासून सुरुवात करा. गाव त्यांचं लिव्हरपूल, पण खरे बघण्यासारखे फोटो जर्मनीत निघाले. ते काढणाऱ्या मुलीला ना रेकॉर्ड विकायची होती ना मासिक खपवायचं होतं, आणि फोटोंत ते दिसतं.

ऑगस्ट १९६० मध्ये पाच पोरं तिथे पोचली: जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन, ड्रमवर पीट बेस्ट आणि बास गिटारवर स्टुअर्ट सटक्लिफ. नंतरचा ड्रमर रिंगो तेव्हा दुसऱ्याच बँडमध्ये होता. काम वेश्यावस्तीतल्या क्लबांत, आधी ‘इंद्रा’, मग ‘कायझरकेलर’. एरवी रोज साडेचार तास आणि शनिवार-रविवारी सहा तास वाजवायचं. राहायला एका सिनेमागृहाच्या पडद्यामागच्या कोंदट खोल्या, शेजारी संडास.

एका रात्री क्लाउस फोरमान नावाचा चित्रकार तरुण मैत्रिणीशी भांडून भटकत निघाला आणि आवाज ऐकून कायझरकेलरमध्ये शिरला. नंतर तो त्या मैत्रिणीलाही घेऊन गेला. ती आस्ट्रिड किर्शहेर. वय २२, एका नावाजलेल्या फोटोग्राफरची सहायक. इंग्रजी जेमतेम. तिने या पोरांना जत्रेच्या मैदानावर, हायलिगनगाइस्टफेल्डवर नेलं आणि जत्रेच्या लोखंडी गाड्यांवर बसवून रोलायकॉर्ड कॅमेऱ्याने कृष्णधवल फोटो काढले. त्या काळात बँडचा फोटो म्हणजे एकसारखे सूट आणि दात दाखवून हसणं. इथे कोणी हसत नाही. जॉर्ज तर तेव्हा १७ वर्षांचा, तोही गंभीर. (वय कमी म्हणून त्याच नोव्हेंबरात त्याला जर्मनीतून परत पाठवलं. मागोमाग पॉल आणि पीटही गेले, खोलीत कंडोम पेटवल्याच्या भानगडीत.)

या फोटोंत माझी नजर दर वेळी स्टुअर्टवर जाते. तो मुळात चित्रकार. त्याचं चित्र एका प्रदर्शनात ६५ पौंडांना विकलं गेलं आणि मित्रांच्या आग्रहाने त्याने बास गिटार घेतली. वाजवायला बेताचाच, पण काळा चष्मा लावून उभा राहिला की बाकीचे चौघे त्याच्यापुढे शाळकरी वाटतात. आस्ट्रिड त्याच्या प्रेमात पडली, साखरपुडा झाला, तो बँड सोडून हॅम्बुर्गलाच चित्रकला शिकायला राहिला. १० एप्रिल १९६२ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. वय २१. बँडचे मित्र त्याच आठवड्यात नव्या क्लबमध्ये वाजवायला हॅम्बुर्गला आले ते ही बातमी ऐकायला. त्यानंतर आस्ट्रिडने स्टुअर्ट जिथे चित्रं काढायचा त्या माळ्यावर जॉन आणि जॉर्जचा फोटो काढला. जॉन बसलेला, जॉर्ज मागे उभा. बीटल्सचा एकच फोटो ठेवायचा म्हटलं तर मी हाच ठेवीन.

अर्ध्या चेहऱ्यावर उजेड, अर्ध्यावर अंधार ही १९६३ च्या दुसऱ्या अल्बमच्या मुखपृष्ठावरची गाजलेली शैली आस्ट्रिडच्या फोटोंत त्याआधीच दिसते. बीटल्सच्या त्या कपाळावर आलेल्या केसांचं श्रेय मात्र तिला उगाच देतात, आणि ते तिने स्वतःच नाकारलं होतं. तसे केस हॅम्बुर्गच्या कितीतरी मुलांचे होते. तिने ते कापले स्टुअर्टचे. जॉन आणि पॉलचे कापले तिचा मित्र युर्गेन फोल्मरने, पॅरिसमध्ये, १९६१ साली.

हा फोल्मरही फोटोग्राफर. दारात टेकून उभ्या जॉनचा त्याचा १९६१ चा फोटो जॉनने १९७५ मध्ये स्वतःच्या अल्बमवर वापरला. समोरून जाणाऱ्या पुसट आकृत्या नीट बघा: त्या पॉल, जॉर्ज आणि स्टुअर्ट आहेत. फोरमानने पुढे बीटल्सच्या १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बमचं मुखपृष्ठ काढलं आणि ग्रॅमी मिळवलं. आस्ट्रिडच्या वाट्याला यातलं फारसं आलं नाही. तिचे फोटो जगभर छापले गेले, पैसे मात्र तिला किरकोळच मिळाले, आणि साठचं दशक संपेपर्यंत तिने फोटोग्राफी जवळपास सोडलीच. २०२० मध्ये ती वारली.

हॅम्बुर्ग झालं की लिव्हरपूलला या. पॉलचा धाकटा भाऊ माइक घरीच फोटो काढायचा. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांखाली बसून गिटार वाजवणारा पॉल त्याने १९६२ मध्ये टिपला, आणि पॉलने २००५ च्या अल्बमवर तोच लावला.