पदवीला असताना आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्स : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

कॉन्फरन्सला पाठवायच्या ऍब्स्ट्रॅक्टच्या, म्हणजे संशोधनाच्या सारांशाच्या, डेडलाईन जवळ आल्या की माझ्याकडे मेसेज सुरू होतात आणि त्यातले निम्मे मागच्या वर्षीचेच असतात, विचारणारे तेवढे नवीन. म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहितेय.

प्रश्न : ओरल (समोर उभं राहून बोलणं) मागितलं होतं, पोस्टर (बोर्डावर लावायचा तक्ता) मिळालं. म्हणजे माझं काम कमी दर्जाचं समजले का?

नाही. ओरलमध्ये वेळ संपली की जेमतेम एखादा प्रश्न होतो आणि पुढच्याचं नाव पुकारतात. पोस्टरपाशी ज्याला खरंच रस आहे तो माणूस थांबतो आणि निवांत बोलतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तर पोस्टरच सुचवते.

प्रश्न : दहा मिनिटांसाठी किती स्लाइड्स?

दहाच्या आत. आणि सराव घड्याळ लावून करा, मनातल्या मनात नको.

प्रश्न : पोस्टर ए-झिरोच लागतं का? सीनियर म्हणाला आडवंच करतात.

बऱ्याच ठिकाणी ए-झिरो चालतं, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलीमीटर, पण बोर्ड आडवा की उभा हे आयोजक ठरवतात, तुमचा सीनियर नाही. सूचना वाचा, त्यात नसेल तर मेल टाका, मगच प्रिंटला द्या. आणि ग्राफमध्ये लाल-हिरवं शेजारी शेजारी नको, कितीतरी जणांना त्यातला फरक दिसत नाही. हे दरवर्षी सांगते आणि दरवर्षी लाल-हिरवेच ग्राफ येतात.

प्रश्न : प्रयोग अजून चालू आहे. ऍब्स्ट्रॅक्टमध्ये अपेक्षित रिझल्ट लिहिले तर चालेल का? मित्र म्हणतो सगळे तसंच करतात.

चालणार नाही. न आलेला रिझल्ट आल्यासारखा लिहिणं ही बनवाबनवी आहे, सगळे करत असले तरी. काम अर्धवट असणं यात लाजण्यासारखं काही नाही, पदवीच्या कॉन्फरन्समध्ये चालू असलेलं कामही घेतात, फक्त सरळ लिहा की इतकं झालंय, इतकं मोजायचं राहिलंय. आणि गाईडना ड्राफ्ट निदान दोन आठवडे आधी द्या, डेडलाईनच्या रात्री अकरा वाजता नाही.

प्रश्न : "आपल्या अमूल्य संशोधनासाठी खास आमंत्रण" असा परदेशी कॉन्फरन्सचा मेल आलाय, "आदरणीय डॉक्टर" म्हणून. मी दुसऱ्या वर्षाला आहे. दोन दिवसांत सिलेक्शन पण झालं. आज फी भरली तर डिस्काउंट आहे. भरू का?

थांबा. एक रुपयाही भरू नका.

तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात आणि मेलमध्ये तुम्हाला "आदरणीय डॉक्टर" म्हटलंय, इथेच शंका यायला हवी होती. पदवीच्या मुलाला घरबसल्या खास आमंत्रण कोणी देत नाही, आपणच ऍब्स्ट्रॅक्ट पाठवायचा असतो, मग तो तज्ज्ञ वाचतात आणि त्याला आठवडे लागतात. दोन दिवसांत होकार आला म्हणजे कोणी वाचलंच नाही. खोटं वाटत असेल तर हे ऐका, २००५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी कॉम्प्युटर प्रोग्रॅमकडून निरर्थक वाक्यांचा पेपर तयार करून घेतला आणि एका कॉन्फरन्सला पाठवला, तो स्वीकारला गेला! त्यांना तेच दाखवायचं होतं. आणि जर्नल काढणाऱ्या, कॉन्फरन्स भरवणाऱ्या ओमिक्स नावाच्या कंपनीचं प्रकरण तर कोर्टात गेलं, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१६ मध्ये दावा लावला, त्यात कॉन्फरन्सला नामवंत प्राध्यापक येणार असं खोटं सांगून लोकांना ओढतात हाही आरोप होता, आणि २०१९ मध्ये कोर्टाने पाच कोटी डॉलरच्या वर रक्कम भरायचा आदेश दिला. तरी असे मेल यायचे थांबले नाहीत, कारण पैसे भरणारे थांबले नाहीत.

फी मागितली म्हणून कॉन्फरन्स खोटी असं नाही हं, चांगल्या ठिकाणीही फी असते. पण एकाच हॉलमध्ये एकाच दिवशी कॅन्सर, मॅनेजमेंट आणि सिव्हिल इंजिनिअरिंग, डेडलाईन तीनदा "शेवटची" वाढवलेली, नामांकित कॉन्फरन्सच्या नावात एक शब्द इकडेतिकडे करून ठेवलेलं नाव, पेपर इंडेक्स होण्याची, म्हणजे नामांकित डेटाबेसच्या यादीत येण्याची, आधीच गॅरंटी, यातलं काहीही दिसलं की सावध व्हा. कमिटीत ज्यांची नावं आहेत त्यातल्या दोघांना त्यांच्या विद्यापीठाच्या साइटवरचा पत्ता शोधून विचारा, कित्येकदा आपलं नाव तिथे आहे हे त्यांना माहीतच नसतं. मागच्या वर्षीचा कार्यक्रम मागा. थिंक चेक अटेंड नावाची मोफत चेकलिस्ट आहे, ती भरा. आणि मग गाईडना दाखवा, हे सगळं करूनही दाखवा.

पदवीच्या मुलांसाठी खऱ्या जागा आहेत की! अमेरिकेतली एनसीयूआर (नॅशनल कॉन्फरन्स ऑन अंडरग्रॅज्युएट रिसर्च) १९८७ पासून होते, ब्रिटनची तशीच बीसीयूआर २०११ पासून, आणि ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश आणि ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय आयसीयूआरमध्ये तर वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठं व्हिडिओवर जोडलेली असतात, समोरचा श्रोता दुसऱ्या खंडात असतो. अर्ज कोणाला करता येतो ते त्यांच्या नियमांत बघा आणि आपल्या विद्यापीठाच्या ऑफिसला विचारा.

आधीच पैसे भरले असतील तर लाजून गप्प बसू नका. माघार घेतल्याचा मेल करा, बँकेशी बोला, गाईडना सांगा.

प्रश्न : गाईडनी फार मदत केली नाही. त्यांचं नाव टाकलंच पाहिजे का?

मदत किती झाली हे रागात मोजू नका. मेडिकल जर्नल्सच्या संपादकांची आयसीएमजेई समिती आहे, तिचे लेखकपणाचे चार निकष आहेत. कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा त्याच्या चिकित्सेत सहभाग, शेवटच्या मसुद्याला मंजुरी आणि कामाची जबाबदारी, चारही लागतात. म्हणजे न विचारता नाव टाकणंही चूक आणि परस्पर गाळणंही. समोर बसून बोला, जमत नसेल तर विभागप्रमुखांना सोबत घ्या.

प्रश्न : आमच्या डिव्हाइसचं पेटंट घ्यायचंय. आधी प्रेझेंट करू आणि मग अर्ज करू, चालेल ना?

युरोपात जवळपास नक्कीच हातचं जाईल. तिथे अर्जाच्या आधी तुम्हीच जाहीर केलेली गोष्ट नवी धरत नाहीत, अमेरिकेत एक वर्षाची सवलत आहे, प्रत्येक देशाचं वेगळं. आणि पोस्टर लावायच्या आधीच ऍब्स्ट्रॅक्ट बुक ऑनलाइन आलं तरी ते जाहीर झालं. ऍब्स्ट्रॅक्ट पाठवायच्या आधी, नंतर नाही, विद्यापीठाच्या पेटंट सेलला भेटा.

प्रश्न : प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर?

"माहीत नाही, बघून कळवते" म्हणायचं आणि खरंच कळवायचं.

प्रश्न : स्वीकृतीचं पत्र दोन महिन्यांपूर्वी आलं. आता तीन आठवड्यांवर कॉन्फरन्स आहे, व्हिसाचं अजून काहीच केलं नाही. एजंट म्हणतो तीन दिवसांत करून देतो. होईल ना?

स्वीकृतीचं पत्र दोन महिन्यांपूर्वी आलं असं तुम्हीच लिहिलंय, मग इतके दिवस काय करत होतात? "एजंट तीन दिवसांत करून देतो" हे ऐकून बसू नका, निर्णय दूतावास घेतो, एजंट नाही. आयोजकांना आजच मेल करा आणि ऑनलाइन सादर करता येईल का विचारा, आणि उद्या सकाळी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन उभे राहा.