कायदा-सल्ला : गुन्हा कबूल केल्यावर अपील करता येते का?

प्रश्न : माझ्या भावाने चोरीच्या खटल्यात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर गुन्हा कबूल केला. दोन वर्षे सक्तमजुरी, पाच हजार रुपये दंड आणि दंड न भरल्यास आणखी एक वर्ष कैद, अशी शिक्षा झाली. ‘कबुली दिली की अपील नाही’ असे सगळे सांगतात. खरे आहे का?

उत्तर : अर्धेच खरे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४१६ नुसार कबुलीवर दोषी ठरलेल्याला दोषसिद्धीविरुद्ध अपील करता येत नाही. शिक्षा किती आहे आणि ती कायद्याला धरून आहे का, या दोन मुद्द्यांवर मात्र सत्र न्यायालयात अपील चालते. शिक्षा उच्च न्यायालयाने दिली असेल तर तेवढीही मुभा नाही.

तुमच्या भावाच्या शिक्षेत एक दोष उघड दिसतो. दंड न भरल्याबद्दलची कैद त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त ठेवता येत नाही. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे आहेत, म्हणजे नऊ महिने ही मर्यादा. एक वर्ष बेकायदा ठरते. अपिलात हा मुद्दा पहिला घ्या. दुसरा मुद्दा परिवीक्षेचा, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली किंवा हमीवर सोडण्याचा. पहिलाच गुन्हा असेल आणि चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचा विचार झालाच नसेल, तर निकालात त्याची कारणे आहेत का ते पाहा. वय २१ च्या आत असेल तर हा मुद्दा आणखी भक्कम होतो. खटल्याआधी तुरुंगात काढलेले दिवस मूळ शिक्षेतून वजा झालेत का, हेही तपासा. दंडाबदलीच्या कैदेतून ते वजा होत नाहीत.

मुदत शिक्षेच्या तारखेपासून ३० दिवस. नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यात धरत नाहीत. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत लगेच आणि विनामूल्य मिळायला हवी. भाऊ आत असेल तर अपील तुरुंग अधीक्षकांमार्फत पाठवता येते आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. उशीर झाला असल्यास विलंबमाफीचा अर्ज जोडा. अपिलाबरोबरच शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागायला विसरू नका, नाहीतर सुनावणी येईपर्यंत शिक्षा भोगून संपते. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही, त्यामुळे त्या भीतीने थांबू नका.

कबुलीच खरी नसेल, म्हणजे आरोप समजावून न सांगता ‘गुन्हा कबूल’ एवढेच नोंदले असेल किंवा दंडावर सुटशील असे सांगून ती घेतली असेल, तर मार्ग पुनरीक्षण अर्जाचा, म्हणजे वरच्या न्यायालयाने निकालाची कायदेशीरता तपासावी अशा अर्जाचा; मुदत ९० दिवस. त्यासाठी रोजनामा (न्यायालयाच्या तारखेनिहाय कामकाजाची नोंद), आरोप आणि कबुलीची नोंद यांच्या नकला काढा. नोंदीत काहीच दिसत नसेल तर नुसत्या तोंडी तक्रारीवर न्यायालय सहसा हलत नाही. यश आले तरी बहुधा निर्दोष सुटका होत नाही, खटला पुन्हा सुरू होतो. पोलिसांकडे भक्कम पुरावा असेल तर आमच्या मते शिक्षेपुरते अपील अधिक शहाणपणाचे.

प्रश्न : शिक्षेबाबत तडजोड करून कबुली दिली असेल तर?

उत्तर : सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अशी तडजोड होते आणि तिच्यावरचा निकाल अंतिम असतो. त्यावर अपील नाही. उरतात त्या उच्च न्यायालयातील राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ व २२७ खालील रिट याचिका आणि सर्वोच्च न्यायालयातील विशेष अनुमती याचिका. म्हणून सही करण्याआधीच शिक्षेचा आकडा वकिलाकडून तपासून घ्या.